पेढे कशाचे वाटायचे?

पोट लहान झाल्यावर : लेखांक ६

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठीची, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटणारा जवळपास प्रत्येक जण एकच विचारतो, "किती उतरलं?" पहिले काही महिने या प्रश्नाला दर आठवड्याला नवं, भरघोस उत्तर मिळतं. मग आकडा रेंगाळायला लागतो. मागच्या लेखांकात पाहिलं तसं, घटलेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी उष्मांक पुरतात आणि साधारण वर्ष-दीड वर्षात वजन एका पातळीवर येऊन थांबतं. हे अपेक्षितच असतं. पण ज्याने सगळा आनंद काट्याला बांधून ठेवला, त्याला तिथे हरल्यासारखं वाटतं. म्हणून या आठवड्यात एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. आनंद साजरा करायचा तो जमू लागलेल्या कामाचा आणि पाळलेल्या सवयीचा, उतरलेल्या किलोंचा नव्हे; आणि तो जरूर साजरा करायचा, कारण पुढची वीस-तीस वर्षं पथ्य सांभाळायला तोच आधार पुरतो.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांची प्रकृती वर्षानुवर्षं तपासली गेली. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेले २,०३७ स्थूल लोक होते. शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के कमी होतं, दहा वर्षांनी १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे गेलेल्या वजनातलं थोडं परत आलं आणि बरंचसं कायमचं गेलं. या गटात मृत्यूचं प्रमाणही कमी राहिलं. त्या वेळच्या शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा वेगळ्या होत्या, हे ध्यानात ठेवूनही हा पुरावा भक्कम आहे. मला मात्र त्यातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. याच लोकांना तब्येत, मनःस्थिती, चारचौघांत मिसळणं याविषयी वेळोवेळी विचारलं गेलं. समाधान पहिल्या वर्षात सर्वांत वर गेलं, वजन थोडं परत येऊ लागलं तसं सहाव्या वर्षापर्यंत उतरत आलं आणि मग स्थिरावलं. शरीराला लाभ मिळत होता, तरी काटा थोडा वर सरकला तसं मन खाली आलं. हा काळ ज्याला पार करायचा आहे, त्याच्या हाती दुसरं एखादं माप हवंच.

ते माप आपल्याकडे जमिनीलगत सापडतं. पाटावर बसून पूजा, पंगत, विळीवर भाजी चिरणं, नातवंडाशी खेळणं, भारतीय पद्धतीचा संडास : मराठी घरातलं कितीतरी जगणं मांडी घालण्यावर आणि उकिडवं बसण्यावर उभं आहे. वजन फार असलेलं माणूस खाली बसायचं टाळतं, कारण उठायचं कसं हा प्रश्न असतो. आधी एका कुशीवर कलायचं, मग गुडघ्यांवर यायचं, एक हात खाटेच्या कडेवर, दुसरा कुणाच्या तरी खांद्यावर, आणि श्वास रोखून एकदाचं उभं राहायचं. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी खांदा लागेनासा होतो, मग खाटेची कडही. एक दिवस स्वतःच्याच मांडीवर हात टेकून उठता येतं. यामागचं गणित साधं आहे. गुडघ्याची झीज झालेल्या १४२ स्थूल, वयस्क लोकांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन एक किलोने घटलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असं त्यात दिसलं. म्हणजे दहा किलो गेले की प्रत्येक पावलाला चाळीस किलो कमी. रेल्वेचा पूल मध्ये न थांबता चढून जाणं ही त्या चाळीस किलोंचीच बातमी आहे. पायाची नखं स्वतः कापता येणं, लोकलमध्ये चौथ्या सीटवर संकोच न वाटता टेकणं, ब्लाउजची शिलाई पुन्हा आत घ्यावी लागणं, या सगळ्या त्याच जातीच्या बातम्या. घोरणं थांबल्याचं तर शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतं (पण श्वासाचं मशीन लावत असाल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका).

यावर पहिला आक्षेप येतो की ही मनाची समजूत आहे. ऑपरेशन वजनासाठी केलं, तेव्हा हिशेबही वजनाचाच हवा. वजन करूच नये, असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहावं आणि वजन सलग वाढताना दिसलं तर डॉक्टरांकडे जावं. काटा धोका दाखवण्यासाठी उत्तम आहे. रोजची उमेद मात्र त्याच्याकडून मिळत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे : शाबासकी दिली की माणूस सैल पडतं. याला पुरावा आहे. आयलेट फिशबाख आणि रवी धर या संशोधकांनी २००५ साली डाएट करणाऱ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपलं वजन मनातल्या वजनापासून किती दूर आहे, ते एका पट्टीवर दाखवायचं होतं. काहींची पट्टी पाच पौंडांची, काहींची पंचवीस. लांब पट्टीवर तेच अंतर किरकोळ दिसतं, म्हणून त्यांना आपण बरंच गाठलं असं वाटलं. शेवटी सफरचंद किंवा चॉकलेट यांतलं एक निवडायचं होतं. लांब पट्टीवाल्या ८५ टक्के लोकांनी चॉकलेट उचललं, आखूड पट्टीवाल्यांत ५८ टक्क्यांनी. 'आता पोचलोच' ही भावना घात करते, हे खरंच. पण याच संशोधकांचं पुढचं काम सांगतं की केलेली कृती 'मला हे मनापासून हवं आहे' याची खूण म्हणून पाहिली, तर पुढची निवड तिला धरून होते. त्यामुळे आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, उलट नेमका होतो. 'दहा किलो उतरले' ही गाठलेल्या अंतराची नोंद आहे आणि ती सैल करू शकते. 'सलग तीस दिवस गोळ्या चुकवल्या नाहीत' ही निश्चयाची नोंद आहे.

म्हणूनच पेढ्यांचा प्रश्न येतो. आपल्याकडे आनंद आणि गोड यांची गाठ इतकी घट्ट आहे की तोंड गोड केल्याशिवाय बातमी पुरी होत नाही. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं मात्र पेढ्यातल्या एवढ्याशा साखरेनेही छातीत धडधडू शकतं, दरदरून घाम येतो, जुलाब होतात. त्याचं जेवण म्हणजे अर्धी वाटी मऊ मुगाची खिचडी, छोट्या चमच्याने, वीस-पंचवीस मिनिटं. पाण्याचा पेला जेवणानंतर अर्धा तास दूर. बारशाच्या पंगतीत पुरणपोळीचा आग्रह होत असताना एवढ्यावर हसतमुखाने 'पुरे' म्हणता येणं मला पाच किलोंपेक्षा मोठं वाटतं. ते साजरं करायला डायरीत तारखेसह एक ओळ पुरते, नाहीतर घरच्यांना घेऊन पर्वती चढून यावं.

'ऑपरेशन म्हणजे पळवाट, त्यात कसलं कौतुक?' असं म्हणणारेही भेटतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात, त्याबरोबर भूक चेतवणारं संप्रेरकही घटतं. सुरुवातीला मंदावलेल्या भुकेचं श्रेय शस्त्रक्रियेला द्यायलाच हवं. पण दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं, तीही शाकाहारी घरात दही, पनीर, सोयाबीन आणि डाळींतून लहानशा पोटात बसवायची, हे काम सर्जन करत नाही. ते रोज सकाळी नव्याने करावं लागतं.

ज्यांच्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना एक विनंती. केस गळण्याचे, वजन अडकल्याचे दिवस येतात. त्या दिवसांत 'किती उतरलं?' हा प्रश्न बाजूला ठेवा, 'आता काय काय जमायला लागलं?' असं विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. उदासी आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पुढच्या आठवड्यात : जन्मभराच्या गोळ्या – ब-१२, लोह आणि कॅल्शियम.