महाबळेश्वरला जाताय? पॉईंट बघण्याआधी पायाखालचा दगड समजून घ्या

महाबळेश्वरची ट्रिप म्हणजे ठरलेला कार्यक्रम. टॅक्सी करायची, दिवसभरात आठ-दहा पॉईंट उरकायचे, प्रत्येक ठिकाणी एक दरी, एक सेल्फी आणि एक मक्याचं कणीस. रात्री हॉटेलवर फोटो चाळायला घेतले की कुठली दरी कुठल्या पॉईंटची, तेच आठवत नाही.

पण हे सगळे पॉईंट एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. ती गोष्ट आहे दगडाची आणि पाण्याची. ती माहीत असली की प्रत्येक दरी वेगळी दिसायला लागते.

आधी दगडाचं बघू.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर येत होता. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. असे थर साचत साचत काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट तयार झाला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना डोंगरात ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर. इथे त्यांची जाडी सुमारे १,२०० मीटर भरते.

या काळ्या दगडाच्या डोक्यावर आहे जांभा. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने वरच्या दगडातले बरेच घटक धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि लालसर, सच्छिद्र जांभा तयार झाला. महाबळेश्वरची माती लाल का, याचं उत्तर हे आहे.

आता फिरायला निघू.

विल्सन पॉईंट : उंची सुमारे १,४३८ मीटर, महाबळेश्वरमधली सगळ्यात उंच जागा. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही इथून दिसतात. दिवसाची सुरुवात इथून करा.

आर्थर सीट : इथे सह्याद्री एकदम तुटतो. समोर सावित्रीचं खोरं आणि खाली कोकण, पाठीमागे देश. इथे टोपी किंवा कागद दरीत टाकला तर तो परत वर येतो, असे रील तुम्ही पाहिले असतील. त्यात चमत्कार नाही. पश्चिमेकडून आलेला वारा उभ्या कड्यावर आपटतो आणि त्याला वर जाण्याशिवाय वाट नसते. पण दरवेळी वस्तू परत येतेच असं नाही. जी येत नाही ती दरीत कचरा म्हणून राहते. आणि रीलसाठी कठड्याबाहेर तर अजिबात जाऊ नका.

क्षेत्र महाबळेश्वर : पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. नकाशा बघितला की खरी गंमत कळते. सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते. वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला, तर कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर भेटते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहून ती बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे याच डोंगरावर थोड्या अंतरावर पडलेले पावसाचे दोन थेंब देशाच्या दोन टोकांच्या समुद्रात जाऊ शकतात.

लिंगमळा धबधबा : पाचगणी रस्त्याजवळ वेण्णेचं पाणी इथे कड्यावरून कोसळतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा त्याचा काळ. मे महिन्यात गेलात तर बहुतेक कोरडा कडाच बघायला मिळेल.

पाचगणीचं टेबललँड : डोंगराचा माथा कोणी रंधा मारून सपाट केल्यासारखा दिसतो. ही करामत जांभ्याची. वरचं कठीण झाकण टिकून राहतं आणि कडेचा भाग झिजत जातो. कड्याखालच्या गुहाही बघण्यासारख्या आहेत.

कास पठार : हाताशी एक दिवस जास्त असेल तर इकडे या. हेही जांभ्याचंच पठार. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात कास आहे. जेमतेम मातीच्या थरावर पावसाळ्याच्या शेवटी फुलं येतात. हंगामात पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवतात, त्यामुळे आधी बुकिंग करूनच निघा.

आता पाण्याचं गणित.

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अवघ्या वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलं की त्याहूनही कमी. कारण ढग आधी कड्याला धडकतात आणि तिथेच रिकामे होतात.

तरीही उन्हाळ्यात तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर पाण्याची ओढाताण होते. उतार तीव्र असल्याने बहुतेक पाणी खाली निघून जातं. थोडंफार मुरतं ते जांभ्यात. हा दगड स्पंजसारखा पाणी धरतो आणि खालच्या काळ्या दगडाला टेकला की झऱ्यांच्या रूपाने हळूहळू सोडतो. सातारा शहराला पाणी देणारा कास तलावही अशाच पठाराच्या कुशीत आहे.

म्हणूनच 'नुसता ओसाड कातळ' म्हणून त्यावर गाडी घालणं, काँक्रीट ओतणं किंवा उतार कापून बांधकाम करणं महागात पडतं. जुलै २०२१ मध्ये इथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, दरडी कोसळल्या, आंबेनळी घाट बंद पडला. केंद्र सरकारने २००१ सालीच महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलाय, तो उगाच नाही.

मग जायचं कधी? दऱ्या स्वच्छ दिसायला हव्यात तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. धबधबे हवेत तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. जून-जुलैत धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, पॉईंट तर लांबच.

आणि दहा पॉईंटच्या मागे धावण्यापेक्षा चारच बघा. सातारा, कराड, सांगली यापैकी कुठेही घर असेल, तर तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्याची सुरुवात यातल्याच एखाद्या कड्यावर झालेली असू शकते.