पदार्थांना वार लावा



रात्रीचे जेवण हा काय भाषणाचा विषय झाला, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. घरात असेल ते शिजवावे आणि वेळ झाली की पाने मांडावीत. त्यात आखणी करण्यासारखे काय आहे? मूल शाळेतून आले की उरलेला वेळ अंगणात नाही तर आळीत घालवी आणि दिवेलागणीनंतर एका हाकेसरशी पाटावर येऊन बसे, त्या काळी ही शंका रास्त ठरली असती. आता मुलांच्या संध्याकाळी निरनिराळ्या वर्गांत वाटल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर घराची संध्याकाळही वाटली गेली आहे.

आपल्या नगरचेच पाहा. शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी बोलताना ‘नगर’ अजून तोंडातून जात नाही. या शहरात सावेडीला राहणारे एखादे चौकोनी कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. वडील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, आई बँकेत. मुलगी दहा वर्षांची, मुलगा तेरा वर्षांचा. सोमवारी आणि बुधवारी मुलीचा नृत्याचा वर्ग व त्याच वेळी मुलाची गणिताची शिकवणी. मंगळवारी आणि गुरुवारी मुलाचा कबड्डीचा सराव. शनिवारी सकाळी दोघांचे पोहणे. एकास पोचवून यावे तोच दुसरीस आणावयाची वेळ होते. अशा घरी सायंकाळी सात वाजता ‘आज काय करावयाचे?’ हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो, आणि ज्या दिवशी त्याचे उत्तर घरात सापडत नाही त्या दिवशी ते वडापावच्या गाडीवर सापडते.

नीट पाहिले तर अडचण शिजविण्याची नाही. पिठले पाव तासात होते, खिचडी अर्ध्या तासात. अडचण ठरविण्याची आहे. स्वयंपाक कसा करावा हे शिकविणाऱ्या पुस्तकांची मराठीत वाण नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले; कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून कित्येक नवशिक्या मुलींना धीर दिला. परंतु हजार कृती हाताशी असल्या तरी त्यांतली आजची कोणती, हे पुस्तक सांगू शकत नाही. त्यासाठी घरात काय शिल्लक आहे, काय भिजत घातले आहे, कोण किती वाजता येणार आणि आज कोणाचा उपास आहे, या साऱ्या गोष्टी एकाच वेळी ध्यानात असाव्या लागतात. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसास हा हिशेब शिजविण्याहून जड जातो.

या हिशेबावर एक जुनाच उपाय आहे. पूर्वी परगावी शिकावयास गेलेला गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार लागले की त्याची जेवणाची चिंता मिटे. त्या व्यवस्थेत मिंधेपणा होता आणि ती गेली हे बरेच झाले. पण आज कोठे जेवावयाचे, हा प्रश्न तीत रोज उत्पन्न होत नसे, हा तिचा मोठा गुण होता. विद्यार्थ्यांचे वार गेले. आता आपण पदार्थांना वार लावून द्यावेत. शाळांतून सरकारी योजनेखाली जे दुपारचे भोजन मिळते त्याचे तत्त्व हेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण तेथे ठरलेले आहे, आणि कोणत्या वारी काय शिजवावयाचे हेही आधी ठरलेले असते. शेकडो मुलांचे जेवण त्यामुळे वेळेवर होते. मग चौघांचे होण्यास हरकत कोणती?

आता वार लावावयाचे कसे ते पाहू. प्रथम पदार्थ लिहू नयेत. प्रथम मुलांचा आठवडा लिहावा. कोण कधी बाहेर जाते आणि कधी परत येते, एवढेच एका कागदावर मांडले की संध्याकाळींचे तीन प्रकार आपोआप दिसू लागतात. काही संध्याकाळी धावपळीच्या, काही अर्ध्या मोकळ्या आणि काही निवांत. धावपळीच्या दिवशी एका भांड्यात होणारा पदार्थ, अर्ध्या मोकळ्या दिवशी आदल्या तयारीवर उभा राहणारा आणि निवांत दिवशी ज्याला हात व वेळ लागतात असा पदार्थ, अशी वाटणी करावी. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. सोमवारी उत्साह असतो म्हणून भाजी, कोशिंबीर, भाकरी असा चौरस बेत होतो, आणि बुधवारपर्यंत त्या उत्साहाचे तेल संपते.

दुसरी गोष्ट, आधी काय करून ठेवता येते आणि काय येत नाही याचे ज्ञान हवे. आपल्या बाजूच्या स्वयंपाकात या दृष्टीने मोठी संपत्ती आहे. थालीपिठाची भाजणी घ्या. तीतील धान्ये व डाळी भाजून दळलेल्या असल्यामुळे ती महिना-दीड महिना सहज टिकते. नगरपासून मराठवाड्यापर्यंत चालणारे येसर असेच. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून केलेले हे पीठ पाण्यात कालवून फोडणीस टाकले की दहा मिनिटांत आमटी तयार. आज दुकानांतून ‘झटपट’ म्हणून जी पाकिटे मिळतात त्यांचे काम ही पिठे फार पूर्वीपासून करीत आली आहेत.

बाजरीच्या पिठाचे मात्र तसे नाही. बाजरीत ज्वारी-गव्हापेक्षा स्निग्धांश अधिक असतो, आणि दळल्यावर तो लवकर बिघडून पीठ कडू होते. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणावी. बाजरी वाढत्या वयाच्या मुलांना चांगली, कारण तीत लोह बरेच असते. अधिक लोहाची ‘धनशक्ती’ ही जात २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्या कामात आपल्या जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाटा आहे.

भाकरीचे पीठ आधी मळून ठेवण्याचा मोहही टाळावा. गव्हाच्या कणकेत जो चिवट प्रथिनांश असतो तो ज्वारी-बाजरीत नसतो. ज्वारीचे पीठ गरम पाण्याने मळतात ते त्यातील पिष्ट फुलून चिकटपणा यावा म्हणून, आणि तो चिकटपणा ताजेपणीच कामास येतो. कणीक शीतकपाटात एक दिवस राहते. भाकरीचे पीठ तव्याशेजारीच मळावे लागते. म्हणून भाकरी ज्या दिवशी कोणी तरी सहा-साडेसहापासून घरी असेल त्याच दिवशी ठेवावी.

आता वरील कुटुंबाचा आठवडा मांडून पाहू. रविवारी दुपारी घरातील रीतीप्रमाणे मटण असो की पुरणपोळी, जेवण भरपेट झालेले असते. रात्री मऊ भात, मेतकूट, तूप पुरे. रविवारीच सकाळी मटकी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावी, म्हणजे सोमवारी मोड येतात. चितळे रस्त्यावरून भाजी आणली असेल ती निवडून ठेवावी. शेंगदाणे भाजून कूट करावे. कांदा, लसूण व सुके खोबरे यांचे वाटण दोन-तीन दिवसांपुरते करून शीतकपाटात ठेवावे. चार माणसांनी हात लावला तर हे काम तासाभराचे आहे.

सोमवार धावपळीचा, म्हणून मुगाच्या डाळीची खिचडी, ताक आणि भाजलेला पापड. खिचडीस कोणी आजाऱ्याचे अन्न समजू नये. तांदळातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते. मंगळवारी मुलगा सरावाहून भुकेला येतो. त्या दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भाकरी. बुधवार पुन्हा धावपळीचा. थालीपीठ आणि दही, किंवा ज्यांच्याकडे चालते त्यांनी अंड्याची पोळी. गुरुवारी शिर्डीच्या या जिल्ह्यात पुष्कळ घरी उपास असतो आणि तो रात्री सुटतो. म्हणून गरम भात, येसराची आमटी आणि एखादी कोशिंबीर. शुक्रवार निवांत; त्या दिवशी वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी आणि ठेचा. शनिवारी हुलग्याचे शेंगोळे करावेत. ते वळावयास हात पुष्कळ लागतात, आणि शनिवारी संध्याकाळी घरात चार जणांचे आठ हात असतात.

याखेरीज प्रत्येक घराने एक राखीव पदार्थ ठेवावा. अचानक पाहुणा आला, वर्ग लांबला किंवा ठरलेली भाजी बाजारात मिळाली नाही, तर बेत बदलण्याची चर्चा न करता सरळ त्या पदार्थाकडे वळावे. पिठले या कामी उत्तम. हरभऱ्याचे पीठ, कांदा आणि मिरची ज्या घरी आहे ते घर रात्री अडत नाही.

भुकेच्या वेळेचाही विचार करावा. सहा वाजता वर्गास जाणारे मूल साडेआठपर्यंत उपाशी राहिले तर येताना चिडलेले असते किंवा बाहेर काहीबाही खाऊन आलेले असते. अशा दिवशी जेवणाचे दोन भाग करावेत. साडेपाचला दशमी, शेंगदाणे-गूळ किंवा सकाळची पोळी-भाजी असा भरीव भाग द्यावा, आणि परत आल्यावर हलका. मैदानावरून येणाऱ्या मुलाचे उलट असते. पोट भरून त्यास धावता येत नाही; त्याला आधी केळे किंवा मूठभर शेंगदाणे आणि नंतर पूर्ण जेवण द्यावे.

उरलेल्या अन्नाविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. शिजलेला भात तासन् तास बाहेर ठेवू नये. तांदळात काही जंतूंची बीजे असतात. ती शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढीस लागून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत शीतकपाटात जावा आणि दुसऱ्या दिवशी संपावा.

कोणी म्हणेल, दर सोमवारी खिचडी म्हणजे कंटाळा आला. त्यावर एवढेच सांगतो की वार पदार्थाचा असला तरी चव ऋतूची असू द्यावी. थंडीत त्याच खिचडीत मटार व गाजर पडतील, पावसाळ्यात सोबत कढी येईल. शिवाय मुलांना ठरलेल्या गोष्टीचा कंटाळा मोठ्यांच्या समजुतीइतका येत नाही; कित्येकदा ती त्या वाराची वाट पाहतात.

आता शेवटचा आणि माझ्या मते महत्त्वाचा मुद्दा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्यांपुरतेच पाहिले, तरी त्या कामात बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो, असे तीत आढळले. या मिनिटांत हात चालतात तेवढा वेळ मोजला जातो. बँकेत बसल्या बसल्या ‘घरी दही आहे की नाही’ याचा जो विचार चालतो, तो कोणत्या रकान्यात घालावयाचा? बेत जोवर आईच्या डोक्यात आहे तोवर तिला मदत करावयाची इच्छा असलेल्यासही काय करू हे तिलाच विचारावे लागते, आणि असे दहादा सांगण्यापेक्षा आपणच केलेले बरे, असे तिला वाटू लागते.

तोच बेत कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीस लावला की स्थिती बदलते. सोमवारी जो प्रथम घरी येईल त्याने डाळ-तांदूळ धुऊन खिचडी चढवावी, हे तेथे लिहिलेले असते. मग तो वडील असो वा तेरा वर्षांचा मुलगा. पदार्थांसमोर नावेही लिहावीत, आणि ती लिहिताना ताटे घेणे मुलीचे व किराणा आणणे मुलाचे अशी जुनी वाटणी नकळत उतरत नाही ना, हे पाहावे. मुलीचा नृत्याचा वर्ग आणि मुलाची शिकवणी सारख्याच मोलाची असतील, तर परत आल्यावर दोघांच्या वाट्यास येणारे कामही सारखेच असावे. आठवड्यातून एक वार मुलांनी स्वतः निवडावा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः रांधावा. तेरा वर्षांच्या मुलास थालीपीठ थापता येणे हे त्याच्या गणिताइतकेच त्यास पुढे उपयोगी पडेल.

येत्या रविवारी जेवणानंतर घरातील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसून हा कागद करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन वार चुकतील. कोणते चुकले ते खोडून त्यांच्या जागी दुसरे लिहावेत. महिन्याभरात आपल्या घरास जुळणारे वार सापडतात. मग निदान चार-पाच रात्री तरी सर्वांची पाने एकाच वेळी मांडली जातील, आणि पानावर बसणाऱ्यांत स्वयंपाक करणारेही असतील.