माहिती चौकट : कॅल्विनवादी परंपरा आणि महाराष्ट्र

मूळ : फ्रान्समध्ये जन्मलेले धर्मसुधारक जॉन कॅल्विन (1509–1564). कार्यक्षेत्र जिनिव्हा. त्यांच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1536.

पाच सूत्रे (डॉर्टची धर्मसभा, 1618–19) :
• माणूस पूर्णपणे पापाधीन.
• देवाची निवड विनाअट.
• ख्रिस्ताचे प्रायश्चित्त निवडलेल्यांसाठी.
• देवाची कृपा अटळ.
• निवडलेले अखेरपर्यंत विश्वासात टिकतात.

मंडळीचे जीवन : पवित्र शास्त्र सर्वोच्च प्रमाण. उपासनेत उपदेश मध्यवर्ती. विश्वासणाऱ्यांच्या बालकांनाही बाप्तिस्मा. प्रभुभोजनात ख्रिस्ताची उपस्थिती आत्मिक.

फरक कारभाराचा :
• प्रेस्बिटेरियन – मंडळीने निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक यांची सभा.
• काँग्रिगेशनल – प्रत्येक मंडळी स्वायत्त.
• अँग्लिकन (तुलनेसाठी) – बिशपांचा अधिकार.

महाराष्ट्रातील टप्पे :
• 1813 – अमेरिकन मराठी मिशन मुंबईत, परंपरा काँग्रिगेशनल.
• 1829 – स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत. 1832 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज.
• 1845 – स्टीफन हिस्लॉप नागपुरात. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे काम.
• 1852 – रॉयल वाइल्डर कोल्हापुरात. पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे.
• 1854 – ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा, पुढे फ्री चर्चचे पाळक.

घोटी परिसर : घोटी नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या नाशिकमधील शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली, म्हणजे मूळची अँग्लिकन परंपरेची.

एकत्रीकरण : 29 नोव्हेंबर 1970, नागपूर. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल प्रवाह त्यात सामील. बिशपपद कायम.