शस्त्र, खजिना आणि मूल्य : संगणकीय रणक्रीडेतील अर्थनीतीचे स्वरूप

वसईच्या खाडीच्या उत्तरेस, नायगाव आणि वसई यांच्या दरम्यान उमेळे हे गाव आहे. या गावापासून फार दूर नसलेल्या वसईच्या किल्ल्यास १७३९ साली मराठ्यांचा जो वेढा पडला, त्यातील एक प्रसंग अर्थशास्त्र आणि युद्धशास्त्र या दोन्हींच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. किल्ल्यातील पोर्तुगीजांना द्रव्याची इतकी चणचण भासू लागली की त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडून १५,००० रुपयांचे कर्ज उचलले आणि तारण म्हणून चर्चमधील चांदीची उपकरणी व पितळी तोफा दिल्या. त्या तोफांपैकी काही तर प्रत्यक्ष संरक्षणाच्या जागेवरून काढलेल्या होत्या. ज्या तटाच्या रक्षणासाठी पैसा हवा होता, त्याच तटावरील शस्त्रे पैशासाठी गहाण पडली. शस्त्र आणि खजिना या दोन गोष्टी परस्परांत कशा रूपांतरित होतात आणि हे रूपांतर केव्हा हिताचे व केव्हा घाताचे ठरते, हा प्रश्न या प्रसंगात मूर्त झालेला दिसतो.

हाच प्रश्न आज एका अगदी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या सांघिक नेमबाजीच्या खेळांत, नियमबद्ध स्वरूपात मांडला गेला आहे. १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी निर्माण केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा या प्रकारातील आद्य व सर्वांत प्रभावी खेळ होय. त्याची ‘काउंटर-स्ट्राइक २’ ही आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. २०२० साली आलेला ‘व्हॅलोरंट’ हा त्याच परंपरेतील दुसरा खेळ. मुंबईचा ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’ हा संघ २०२३ साली व्हॅलोरंटच्या पॅसिफिक विभागीय लीगमध्ये दाखल झाला, यावरून या खेळाने महाराष्ट्रात धरलेले मूळ ध्यानात येईल. बाहेरून पाहणाऱ्यास हे खेळ केवळ हाताच्या चपळाईचे वाटतात. वस्तुतः गोळी सुटण्यापूर्वीच फेरीचा बराचसा निकाल खरेदीच्या काही क्षणांत ठरत असतो. या खरेदीमागील विचारपद्धती विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम खेळाची रचना पाहू. काउंटर-स्ट्राइकमध्ये पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एक हल्लेखोरांचा, दुसरा रक्षकांचा. हल्लेखोरांनी ठराविक जागी बॉम्ब लावावयाचा आणि रक्षकांनी त्यास प्रतिबंध करावयाचा किंवा लावलेला बॉम्ब निकामी करावयाचा. सामना अनेक लहान फेऱ्यांचा असतो व नव्या आवृत्तीत १३ फेऱ्या प्रथम जिंकणारा संघ विजयी होतो. फेरीत मारला गेलेला खेळाडू पुढील फेरीत पुन्हा उभा राहतो, परंतु त्याची शस्त्रे गेलेली असतात. जो जिवंत राहतो त्याची शस्त्रे त्याच्याजवळच राहतात. प्रत्येक खेळाडूची थैली स्वतंत्र असते व तीत आरंभी ८०० डॉलर असतात. हे डॉलर अर्थातच काल्पनिक असून सामन्याबाहेर त्यांना काही किंमत नाही. २०२५ साली भारतीय संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात खऱ्या पैशाचे खेळ आणि ई-क्रीडा यांत जो भेद केला आहे, तो येथे विसरता कामा नये.

मराठेशाहीच्या लष्करी परिभाषेत बारगीर आणि शिलेदार असा भेद केला जात असे. बारगिरास घोडा व शस्त्र सरकारातून मिळे. शिलेदार ती स्वतःची आणी. संगणकावरील पुष्कळ युद्धक्रीडांत खेळाडू बारगीर असतो. प्रत्येक वेळी त्यास हवे ते शस्त्र विनामूल्य हाती येते. काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र तो शिलेदार आहे. खेळाकडून त्यास एक साधे पिस्तूल तेवढे फुकट मिळते. बाकीचे सर्व, म्हणजे चिलखत, शिरस्त्राण, रायफल, धुराचे व डोळे दिपविणारे गोळे, त्याने आपल्या थैलीतून घ्यावयाचे असते. या एका नियमामुळे शस्त्राची निवड हा आवडीचा विषय न राहता हिशेबाचा विषय बनतो.

हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. फेरी जिंकणाऱ्या संघातील प्रत्येकास साधारणतः ३,२५० डॉलर मिळतात. हरणाऱ्यासही साहाय्य मिळते आणि पराभव लागोपाठ होत गेल्यास ते ५०० च्या टप्प्यांनी वाढत जाऊन ३,४०० पर्यंत पोहोचते. हल्लेखोर संघाने पहिली फेरी गमावली आणि बॉम्बही लावता आला नाही, असे समजू. एका खेळाडूने आपले ८०० डॉलर पूर्णतः खर्च केले होते. आता त्यास १,९०० मिळतात. त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या फेरीत काहीही विकत न घेता फुकटच्या पिस्तुलावर निभावून नेणे. ही फेरी बहुधा हातची जाते. परंतु पराभवाचे २,४०० मिळून त्याच्याजवळ ४,३०० होतात. त्यातून २,७०० ची एके-४७ रायफल आणि १,००० चे चिलखत व शिरस्त्राण घेऊन गोळ्यांसाठी ६०० उरतात. म्हणजे तिसऱ्या फेरीत तो पूर्ण सज्ज होऊन उतरतो.

दुसरा मार्ग म्हणजे हाती असलेले १,९०० लगेच खर्चून कनिष्ठ शस्त्रांनिशी दुसरी फेरी जिंकण्याचा प्रयत्न करणे. तो सफल झाला तर प्रतिपक्षाच्या आरंभीच्या विजयाचा लाभ नाहीसा होतो. फसला तर तिसऱ्या फेरीस हाती केवळ २,४०० राहतात, त्यांत एके-४७ सुद्धा येत नाही, आणि पूर्ण सज्जता चौथ्या फेरीवर जाते. पहिल्या मार्गास खेळाडू ‘इको’, दुसऱ्यास ‘फोर्स’ आणि पूर्ण सज्जतेस ‘फुल बाय’ म्हणतात. मराठीत त्यांना अनुक्रमे बचतीची फेरी, निकराची खरेदी आणि पूर्ण खरेदी म्हणता येईल. मराठी बोलणारे खेळाडू ‘इको करू’, ‘फोर्स करू’ असे म्हणतात, तेव्हा परका शब्द नाम म्हणून घेऊन त्यास ‘करणे’ या क्रियापदाची जोड देण्याची मराठीची जुनीच रीत ते पाळीत असतात.

या उदाहरणातून पहिले तत्त्व निघते, ते असे की शस्त्राची किंमत केवळ डॉलरांत मोजता येत नाही. ती कालातही मोजावी लागते, कारण आज घेतलेले पिस्तूल हे उद्या न घेता येणारी रायफल असते. दुसरे तत्त्व असे की ही किंमत एकट्याची नसून संघाची आहे. पाचांपैकी तिघांनी बचत केली आणि दोघांनी खर्च केला, तर या फेरीस बळ अपुरे पडते आणि पुढील फेरीस पैसा अपुरा पडतो. म्हणून चूक करावयाची तर ती पाचांनी मिळून करावी, असा अनुभवी संघांचा व्यवहार असतो. ज्याची थैली भरलेली आहे तो रायफल विकत घेऊन ती रिकाम्या थैलीच्या सोबत्यापुढे टाकतो. यास ‘ड्रॉप देणे’ म्हणतात. शिलेदारांच्या या पथकात थैल्या वेगळ्या असल्या तरी खजिना एकच मानावा लागतो.

तिसरे तत्त्व शस्त्रांच्या परस्परसंबंधाचे आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सोस्यूरची मूल्यविषयक कल्पना परिचित आहे. चिन्हाचे मूल्य त्याच्या ठायी स्वयंभू नसते. ते व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून उत्पन्न होते. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानसंग्रहात या कल्पनेच्या स्पष्टीकरणार्थ नाण्याचा दृष्टान्त आहे आणि बुद्धिबळाचाही आहे. प्रस्तुत खेळात नाणे आणि मोहरा हे दोन्ही दृष्टान्त जणू एकत्र आले आहेत. ४,७५० डॉलरची एडब्ल्यूपी ही दूरवेधी रायफल बहुधा एकाच गोळीत प्रतिस्पर्ध्यास लोळविते. शक्तीच्या दृष्टीने तिच्या तोडीचे दुसरे शस्त्र नाही. परंतु तिने टिपलेल्या प्रत्येक शत्रूमागे केवळ १०० डॉलर मिळतात, तर सामान्य रायफलीने ३०० आणि एमपी-९ सारख्या १,२५० डॉलरच्या हलक्या यंत्रबंदुकीने ६०० मिळतात. पहिली फेरी जिंकलेला संघ दुसरीत पुष्कळदा हीच हलकी बंदूक घेतो. समोरचा बचतीवर आहे, त्याच्या अंगावर चिलखत नाही, तेव्हा दुबळे शस्त्रही पुरेसे आहे आणि कमाईही दुप्पट आहे. तीच बंदूक पूर्ण सज्ज संघापुढे अपुरी ठरते. शस्त्र तेच राहिले, पण समोरचे बदलले, आणि त्याबरोबर मूल्यही बदलले.

चिलखताविषयीही हेच दिसते. एके-४७ ची डोक्यास बसलेली गोळी शिरस्त्राणास जुमानीत नाही. म्हणून समोर एके-४७ असल्याची खात्री असेल तेव्हा रक्षक ६५० डॉलरच्या नुसत्या चिलखतावर भागवून उरलेले ३५० गोळ्यांवर खर्च करतात. समोर पिस्तुले असतील तर मात्र तेच शिरस्त्राण प्राण वाचविते. व्हॅलोरंटमध्ये तर व्हँडल आणि फँटम या दोन रायफलींची किंमत एकच, २,९०० आहे. व्हँडलचा आघात अंतराने घटत नाही. फँटमचा घटतो, परंतु तिचा आवाज दबका असून तिच्यात गोळ्या अधिक मावतात. किंमत समान असल्यामुळे निवडीचा निर्णय येथे थैली करीत नाही. जागा आणि खेळण्याची धाटणी करते.

प्रतिपक्षाचा खजिना खेळाडूस दिसत नाही. तो अनुमानाने जाणावा लागतो. मागील फेरीत त्यांचे किती जण वाचले, त्यांच्या हाती काय होते, लागोपाठ किती पराभव झाले, पहिला आवाज पिस्तुलाचा आला की रायफलीचा, या खुणांवरून समोरच्याची थैली वाचली जाते. त्याच खुणांनी समोरच्यास चकविताही येते. खरेदी ही अशा रीतीने कृतीबरोबरच एक विधानही असते, आणि ते विधान खोटे असू शकते.

सामान्य प्रेक्षकास सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे माघार. फेरी हातची गेली असे दिसताच उरलेला खेळाडू लढण्याऐवजी रायफल घेऊन कोपऱ्यात लपतो. यास ‘सेव्ह’ म्हणतात. रणांगणावर यास पळपुटेपणा म्हटले असते. येथे ते संघाप्रती कर्तव्य ठरते, कारण मेलेल्याची रायफल शत्रू उचलतो आणि वाचविलेली रायफल पुढील फेरीतील २,७०० डॉलर वाचविते. तथापि नियमकारांनी या मार्गासही मर्यादा घातली आहे. बॉम्ब न लावता वेळ संपेपर्यंत जिवंत राहिलेल्या हल्लेखोरास त्या फेरीचे साहाय्य मिळत नाही. बचतीस उत्तेजन आहे, पण निष्क्रियतेस नाही.

आता पुन्हा वसईकडे वळू. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली होती. १७३७ साली सुरू झालेल्या मोहिमेत मराठ्यांनी प्रथम ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर यांसारखी ठाणी जिंकली. मुख्य किल्ल्याचा निकाल लागण्यापूर्वी त्याचे उत्पन्न आणि त्याची रसद तोडली गेली. अखेर मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तटाखाली सुरुंग उडवून खिंडार पाडले व किल्ला शरण आला. दगडी तटाचे मूल्य तोफांच्या माऱ्यापुढे एक होते, जमिनीखालून येणाऱ्या सुरुंगापुढे दुसरे ठरले. शस्त्र निवडताना समोर काय आहे हे पाहावे, या तत्त्वाचेच हे उदाहरण आहे. तोफा गहाण टाकण्याचा पोर्तुगीजांचा निर्णय खेळाच्या भाषेत निकराची खरेदी म्हणता येईल.

मात्र हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते, आणि ती मर्यादाच या खेळाचे मर्म दाखविते. वेढ्यातील पराभूतास इतिहास साहाय्य देत नाही. एक ठाणे गेले की त्याचा महसूलही जातो, दुसरे ठाणे राखणे अधिक अवघड होते, आणि मेलेला शिपाई पुढच्या फेरीत उठून उभा राहत नाही. दोन्ही बाजूंच्या ज्या माणसांनी वसईत प्राण गमावले त्यांच्या बाबतीत कोणताही हिशेब पुन्हा मांडता आला नाही. खेळात पराभवागणिक वाढणारे साहाय्य नियमकारांनी बुद्ध्या ठेवले आहे, कारण त्याशिवाय पहिल्या फेरीचा विजेता अखेरपर्यंत विजेताच राहिला असता व सामन्यास अर्थ उरला नसता. आज हरून उद्यासाठी राखणे हे शहाणपण ठरते, ते उद्याची शाश्वती नियमाने दिली आहे म्हणूनच. पोर्तुगीजांना अशी शाश्वती नव्हती. उद्या येईलच असे नसेल, तेव्हा तटावरील तोफही विकावीशी वाटते.

शस्त्राची निवड ही म्हणूनच प्रथमतः शस्त्राविषयीची निवड नसते. हाती किती आहे, सोबत्याजवळ किती आहे, समोरच्याजवळ किती असावे आणि उद्याची फेरी मिळणार आहे काय, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून ती निष्पन्न होते. उमेळ्यातील एखादा तरुण संगणकापुढे बसून ‘या फेरीला इको’ असे सोबत्यांस सांगतो, तेव्हा हे चारही प्रश्न त्याने काही क्षणांत सोडविलेले असतात. त्याच्या घरापासून जवळच असलेल्या किल्ल्यात हेच प्रश्न कधी काळी माणसांच्या प्राणांवर सोडविले गेले.