हृदयविकाराच्या झटक्यावरील तातडीची सेवा
हृदयविकाराच्या झटक्यावरील तातडीची सेवा : हृद्‌रोहिणीत (हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत) रक्ताची गुठळी अडकली असता, छातीत पहिली कळ आल्यापासून रक्तप्रवाह पूर्ववत होईपर्यंतच्या उपचारांची प्रदेशव्यापी व्यवस्था. रक्तावाचून हृत्स्नायू काही तासांतच मृत होतो व तो पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून या व्यवस्थेत वेळेचा हिशेब प्रमुख होय.

रोहिणी मोकळी करण्याचे मार्ग दोन. फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करणे (अँजिओप्लास्टी) हा अधिक परिणामकारक, परंतु त्यास सुसज्ज प्रयोगशाळा व निष्णात वैद्य लागतात. निदानापासून सु. १२० मिनिटांत हे साधणार नसेल, तर टेनेक्टेप्लेज वा स्ट्रेप्टोकायनेज यांसारखे गुठळी विरघळविणारे औषध शिरेवाटे आधी द्यावे आणि मगच रुग्णास पुढे न्यावे. मात्र पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांस हे औषध वर्ज्य होय. डेन्मार्कसारख्या छोट्या देशात पहिला मार्ग बहुतेकांस उपलब्ध होऊ शकला. भारतात दोन्हींची सांगड घालावी लागते. तमिळनाडूत मोठ्या रुग्णालयांभोवती लहान रुग्णालये व रुग्णवाहिका जोडून केलेल्या प्रयोगात (निष्कर्ष प्रसिद्ध २०१७) वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७·६ टक्क्यांवरून १४·२ टक्क्यांवर आले.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. आरंभीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत साधनांनी युक्त होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य असून नियंत्रण केंद्र पुण्यास आहे.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्यात वरील नियमाची कसोटी लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर लोहमार्गाने ६८ किमी. आहे. तिन्ही शहरे लोहमार्गाने दुभागलेली असल्याने पूर्वेकडून पश्चिमेस जाण्यास मुख्यतः पुलाचा आधार, आणि कल्याणकडील रस्ता गर्दीचा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया उपजिल्हा रुग्णालय व बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही येथील शासकीय ठिकाणे. गंभीर रुग्णास कळवा, ठाणे वा मुंबईकडे पाठविण्याची वहिवाट जुनी आहे. निव्वळ चिठ्ठी देऊन पाठविण्यात जाणारा वेळ हाच येथील खरा धोका होय. पहिल्या दहा मिनिटांत विद्युत् हृल्लेख काढून तो दूरच्या तज्ञास दाखविला व गुठळीचे औषध तेथेच टोचले, तर उरलेल्या प्रवासातील विलंब पुष्कळसा सुसह्य होतो. त्यानंतर ३ ते २४ तासांत रोहिणीची क्ष-किरण तपासणी करणे इष्ट. औषधाने रोहिणी उघडली नाही, तर मात्र थांबता येत नाही.

विलंबाचा मोठा भाग घरीच होतो. छातीतली कळ पित्ताची समजून सोडा घेतला जातो. मधुमेही व स्त्रिया यांच्यात कळ सौम्य असू शकते. केवळ धाप वा घाम एवढेच लक्षण दिसते. काही जण लोकल गाडीने मुंबईचे ओळखीचे रुग्णालय गाठू पाहतात. अशा वेळी डब्यात हृदयाची गती बिघडल्यास विद्युत् धक्का देण्याची सोय नसते, ती १०८ च्या प्रगत गाडीत असते. खर्चाच्या धास्तीनेही निर्णय लांबतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे; तथापि तिचा लाभ योजनेतील रुग्णालयातच मिळत असल्याने त्यांची नावे आधीच ठाऊक असावी लागतात.