ट्रॉलरची बॅटरी बदलताना

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. या दिवसांत इंजिनाचं काम सगळे काढतात, पण बॅटरीकडे कोण बघतो? दोन महिने पडून राहिलेली बॅटरी जेटीवर एकदा सेल्फ मारते. बाहेर रात्री नांगर टाकून इंजिन बंद, लाईट-वायरलेस-जीपीएस चालू. मग पहाटे ती मारेलच असं नाही. तेव्हा वायरलेसही मेलेला असतो. हाक मारणार कुणाला?

नवी घेताना नुसतं 'किती एएच?' विचारू नका. ट्रकची बॅटरी सेल्फसाठी बनवलेली. क्षणभर भरपूर करंट देते, पण रोज खाली उतरवली की लवकर जाते. हिशेब करा: सगळं मिळून १० अँपिअर, ८ तास चाललं तर ८० एएच गेले. म्हणजे १५० ची अर्ध्याहून जास्त संपली. म्हणून सेल्फची वेगळी आणि लाईट-वायरलेसची डीप सायकल वेगळी ठेवा. खर्च वाढतो, खरं आहे. पण घरच्या इन्व्हर्टरची उंच बॅटरी उचलून लावू नका, हलत्या होडीत अ‍ॅसिड सांडतं.

२४ व्होल्टची सिस्टीम असेल तर दोन्ही एकदम बदला, त्याच कंपनीच्या, त्याच एएचच्या. जुनी राहिली तर ती नवीलाही खाते.

दुकानातच मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या खाली दाखवलं तर दुसरी मागा, बनवल्याची तारीखही वाचा. आणि होडीवर लावली तर वॉरंटी मिळते का, ते पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.