प्लेटो संगणकीय अध्यापन प्रणाली

प्लेटो संगणकीय अध्यापन प्रणाली : विद्यापीठीय अध्यापनासाठी विकसित झालेली एक आद्य संगणकीय प्रणाली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील प्रयोगशाळेत १९६० मध्ये डॉनल्ड बिट्झर या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तिचा प्रारंभ झाला. तिचे नाव हे एका इंग्रजी शब्दसमूहाचे आद्याक्षरी रूप आहे.

विकास : प्रारंभी इलिअ‍ॅक-१ या संगणकावर एका वेळी एकच विद्यार्थी पाठ घेऊ शके, १९६१ मध्ये दोघांची सोय झाली. एका महागड्या संगणकाचा वेळ अनेकांत विभागून देणे, हे तिच्या विस्तारामागील मुख्य तत्त्व होय. १९६४ मध्ये बिट्झर, जीन स्लोटो व रॉबर्ट विल्सन यांनी या प्रणालीसाठी प्लाझ्मा दर्शकपट शोधून काढला. त्यावरील चित्र पुनःपुन्हा प्रक्षेपित करावे लागत नसल्याने स्मृतीची बचत झाली. १९६७ मध्ये पॉल टेन्झर यांनी तयार केलेल्या ‘ट्यूटर’ या भाषेमुळे, संगणकतज्ज्ञ नसलेल्या अध्यापकांनाही आपल्या विषयाचे पाठ रचता येऊ लागले. १९७२ मधील चौथ्या आवृत्तीत नारिंगी प्रकाशाचा स्पर्शग्राही पट होता.

अध्यापनपद्धती : विद्यार्थी स्वतःच्या गतीने पाठ घेई आणि प्रत्येक उत्तराचा निर्णय त्याला तत्काळ कळे. उत्तरात केवळ शब्दलेखनाची चूक असल्यास तीही वेगळी दाखविता येई. आनुवंशिकीचा विद्यार्थी फळमाश्यांचा संकर पटावरच घडवून संततीतील गुणांचे प्रमाण तपासू शके. प्रत्यक्ष प्रयोगास लागणारा पिढ्यांचा काळ त्यामुळे वाचे. रसायनशास्त्राच्या पाठांतही प्रयोगांची अशीच अनुकृती केलेली असे.

१९७३ मध्ये ‘नोट्स’ ही सूचनालेखनाची आणि ‘टॉकोमॅटिक’ ही संभाषणाची सोय निर्माण झाली. शिकविण्यासाठी आखलेले हे यंत्र त्यामुळे विद्यार्थ्यांच्या परस्परसंपर्काचेही साधन बनले.

मूल्यमापन : सामुदायिक महाविद्यालयांतील वापराचे परीक्षण ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात केले. विद्यार्थी व अध्यापक यांचा कल प्रणालीस अनुकूल आढळला. तथापि विद्यार्थ्यांच्या गुणसंपादनावर सर्व विषयांत सातत्याने दिसणारा अनुकूल किंवा प्रतिकूल परिणाम आढळला नाही. यावरून साधन आवडणे आणि अध्ययन सुधारणे या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट होते. पाठाची रचना, अभ्यासक्रमातील त्याचे स्थान आणि अध्यापकाचा सहभाग यांवाचून केवळ यंत्राचे मोल ठरविता येत नाही.

कंट्रोल डेटा कंपनीने या प्रणालीचा व्यापारी प्रसार केला. परंतु मोठा खर्च आणि स्वस्त सूक्ष्मसंगणकांची स्पर्धा यांमुळे तिची पीछेहाट झाली. तिची उत्तराधिकारी ‘नोव्हानेट’ ही प्रणाली २०१५ मध्ये बंद पडली. तात्काळ परीक्षण, अनुकृत प्रयोग आणि चर्चामंच ही तिने रुजविलेली अंगे मात्र आजच्या विद्यापीठीय अध्ययनसाधनांत कायम आहेत. मूल्यमापनाचा तो प्रश्नही त्यांच्याबाबत तितकाच लागू पडतो.